सतरा नंबरच्या झारीचं बुड

१

सोमवारी सकाळी साडेदहाला मुबशिरानं तीन नंबरचं कपाट उघडलं, आणि सतरा नंबरची झारी लख्ख उजळलेली दिसली.

चोरी झाली असती तर परवडली असती. चोरीची वस्तू कधीतरी, कुठंतरी सापडते. झारी मात्र जागच्या जागी होती. कुणीतरी ती चिंच आणि राख लावून घासली होती, सणासुदीला माळ्यावरची तांबी-पितळी काढून घासतात तशी. वर शेकडो वर्षांचा हिरवा थर होता, तो गेला होता. आत काळा थर होता, तोही गेला होता. मुबशिरानं झारी तिरपी केली तेव्हा आतून पाच-सहा तांदूळ तिच्या हातावर पडले.

तिनं ते दाणे ओळखले. आजऱ्याचा घनसाळ. बारका, आखूड, आणि कच्चा असतानाही वास येणारा.

दक्षिणकाठ संशोधन मंडळ म्हणजे रंकाळ्याच्या मागल्या अंगाचं एक दुमजली घर. खाली वस्तूंची खोली, वर वाचनालय, आणि मागं दोन खोल्यांत संचालक गणपतराव एकटेच राहत. याच गणपतरावांनी एक्क्याण्णव सालापर्यंत पंचगंगेच्या काठी गोठणटेक नावाची टेकडी खणली आणि रोमन काळातल्या कांस्याच्या भांड्यांचे सेहेचाळीस नग वर काढले. पंचेचाळीस मोडकेतोडके: पळीचा दांडा, गाळणीचा तुकडा, तुटक्या मुठी. अखंड अशी ही एकच झारी. अरुंद गळा, वाकडी मूठ, आणि मुठीच्या खालच्या टोकाला एका दाढीवाल्याचा चेहरा.

या सेहेचाळीस नगांचं वर्गीकरण करण्यात मुबशिराची अकरा वर्षं गेली होती. आकार कोणता, ओतलंय की ठोकलंय, मूठ कशी जोडलीय, हे बघून समुद्रापलीकडून आलेली भांडी एका वर्गात आणि त्यांची बघून इथं केलेली दुसऱ्या वर्गात. लग्नाची दोन स्थळं तिनं याच कामापायी परत पाठवली होती. गुरुवारी दिल्लीहून तज्ज्ञांची समिती येणार होती. झारीच्या आतल्या काळ्या थराचा नमुना ती तपासायला नेणार होती. थर दारूचा निघाला की झारी परदेशातून भरून आली हे ठरणार, आणि गोठणटेकेला कायमचं संरक्षण मिळणार. नाही ठरलं, तर टेकडीवर प्लॉट पडणार.

आता तपासायला काही उरलंच नव्हतं. मुबशिरा खुर्चीत बसली आणि लहान मुलीसारखी रडली. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि गणपतरावांना हाक मारली.

२

गणपतरावांनी झारीकडं बघितलं आणि चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

"आक्का," ते हळूच म्हणाले. "बिचारीला वाटलं असेल, दिल्लीचे पाहुणे येणार, भांडं काळं दिसतंय. तिला काही बोलू नकोस, मुबशिरा. अडाणी बाई आहे."

आक्का म्हणजे मंडळात झाडलोट करणारी साठीची बाई. सासर आजऱ्याचं. दर सुगीला ती मंडळातल्या प्रत्येकाला पिशवीभर घनसाळ आणून द्यायची. दाणे तिच्याकडंच बोट दाखवत होते. आपल्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ते घासूनपुसून, आत चार दाणे किंवा चिमूटभर साखर टाकून देतात.

गोष्ट इथंच मिटली असती. पण तेवढ्यात ट्रस्टी उदयसिंह आले. या गृहस्थांना इतिहासाचं वेड एवढंच, की जमीन जुनी असली तरी सातबारा नवा करता येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गोठणटेकेला लागून त्यांची नऊ एकर होती.

त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"शनवारी कोण आलतं हे? ख्वाजाभाई, पेठ वडगाव. मॅडम, हे तुमचं वडीलच की! आन् धंदा कल्हईचा. भांडी घासायचा."

"ते कथील घ्यायला कोल्हापुरात आले होते. मला भेटायला डोकावले."

"आन् तुम्ही सगळा येळ हितंच बसलावता?"

मुबशिराची नजर टेबलाकडं गेली. ती वीस मिनिटं वर फोनवर होती. किल्ल्या टेबलावर होत्या.

"गुरुवारी समितीला सांगूया," उदयसिंह म्हणाले. "वर्गीकरण करणारीच्याच बापानं भांडं घासलं म्हणून. मग बघू तुमच्या वर्गीकरणाला कोण इचारतंय. पोलिसांचं मागनं बघू."

पेठ वडगावच्या बाजारात ख्वाजाभाई एवढं एक नाव होतं. दुकानाला पाटी नव्हती, आणि ती कधी लागलीही नव्हती. तीन दिवसांनी ते नाव चिखलात जाणार होतं. गणपतरावांनी तोंड उघडून म्हाताऱ्याची बाजू घ्यावी म्हणून मुबशिरानं त्यांच्याकडं बघितलं. ते अजून चष्माच पुसत होते.

३

आक्का मागच्या पायरीवर केरसुणी मांडीवर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. मुबशिरा तिच्याशेजारी टेकली.

"आक्का, झारी तुम्ही घासली?"

"मी? अगं बाई माझे! त्या कपाटाला मी फडकं बी लावत न्हाय. सायबांनी सांगितलंय की, काचंच्या आत हात घालायचा न्हाय."

"आत घनसाळचे दाणे होते."

आक्कानं कपाळावर हात मारला. "असतील. घनसाळ तर मी तुला बी दिलाय, सायबांना बी दिलाय, त्या उदयसिंगाच्या घरला बी दिलाय. पर मला एक सांग. दाणं घालायचं ते दुसऱ्याचं भांडं परत देताना. ही झारी कपाटातली, कपाटातच ऱ्हायली. परत कुणाला द्यायची हुती?"

मुबशिरा सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवू लागली.

"आन् दुसरं," आक्काचा आवाज भरून आला, "माझा दीर वारला गेल्या बुधवारी. सुतक हाय मला. पोटासाठी कामाला येती, कुणाला बोलली न्हाय. सुतकातल्या हातानं कोण दुसऱ्याच्या भांड्यात दाणा घालतंय? एवढी का मी येडी हाय?"

मुबशिरानं तिचा हात धरला. रोज दिसणाऱ्या बाईच्या घरात माणूस गेलं आणि अख्ख्या मंडळात कुणाला पत्ता नाही, याची तिला मनापासून लाज वाटली. आक्का खरं बोलत होती. म्हणजे ते दाणे सवयीनं पडले नव्हते, कुणीतरी विचार करून टाकले होते. त्या माणसाला रीत ठाऊक होती, आणि आक्काच्या घरचं सुतक ठाऊक नव्हतं.

निघताना तिनं उगाच विचारलं, "रविवारी इथं कोण होतं?"

"रविवारी बंद असतंय की. सायेब तेवढं मागं. मी सकाळी त्यांचं अंगण झाडाय आलते, तवा खळाखळा खडं वाजत हुतं त्यांच्या न्हाणीत. मला वाटलं, मोरी तुंबली."

४

पण संशय गणपतरावांकडं वळतोय हे मुबशिराला पटवून घ्यायचं नव्हतं. ज्या माणसानं बोट धरून शिकवलं त्याच्यावर संशय घेण्याआधी तिनं दुसऱ्या कुणावर घेता येतो का ते बघितलं. समोर उदयसिंह आयतेच होते. मंगळवारी दुपारी ती त्यांच्या ऑफिसात गेली.

"समिती काय बघायला येतेय, माहितीय तुम्हाला?"

"त्यो मुखवटा. दाढीवाला. त्याचं फोटो काढणार, आन् रोमचा हाय का राशिवड्याचा ते सांगणार. का?"

"आतल्या थराचं काही कळलं होतं?"

"कसला थर?" उदयसिंहांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, मला टेकडी पायजे हे मी चारचौघांत बोलतो. रात्रंदिवस बोलतो. भांडी घासायला मला माझी बायको लावत न्हाय, तुम्ही कुठं लावताय?"

माणूस उर्मट होता, पण खोटं बोलत नव्हता. नमुन्याचं पत्र दोघांनीच वाचलं होतं, तिनं आणि गणपतरावांनी.

संध्याकाळी ती वडगावला घरी गेली. अब्बा भट्टी विझवून ओट्यावर बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बोटं कल्हईच्या नवसागरानं पांढरी पडलेली. घरात दख्खनी चालायची, पण भांड्यांचा विषय निघाला की अब्बा मराठीवर यायचे. गिऱ्हाईक सगळं मराठी, त्यामुळं धंद्याची भाषाही तीच झाली होती.

"अब्बा, शनिवारी झारीला हात लावला होता?"

"न्हाय. कपाट उघडं हुतं. पर दुसऱ्याच्या दुकानातलं भांडं इचारल्याबिगर उचलू नये. लांबनं बघितलं. लई सुबक भांडं हाय."

तिनं मोबाइलवरचे फोटो दाखवले. घासलेल्या झारीचे, वरून, बाजूनं, खालून. अब्बांनी चष्मा चढवला आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"आत हात जात न्हाय ह्याच्या. चिंचंच्या पाण्यात बारीक खडी घालून हलवलंय. तासभर तरी हलवाय लागलं असंल. आतनं बघ कसं सपाट निघालंय. बाहीर मात्र नुसता हात फिरवलाय." त्यांनी तिसरा फोटो जवळ धरला आणि हसले. "हे ज्यानं घासलंय, त्यानं जल्मात भांडं घासलेलं न्हाय, बेटा. बुड तसंच सोडलंय की!"

"म्हणजे?"

"अगं, भांडं घासाय घेतलं की पयलं पालथं घालायचं. काळं बुडालाच असतंय. बाई असू दे न्हायतर गडी, सुरवात बुडापास्नं. आन् ह्यानं समदं घासून बुडाची माती जशीच्या तशी ठेवलीया."

मुबशिरानं तो फोटो मोठा केला. झारीचं बुड. अकरा वर्षांत तिनं तीनदा विचारलं होतं, सर, बुडावरची माती काढू का? वर्गीकरणाची सुरुवात बुडापासूनच होते. रोमन कारागीर भांडं फिरत्या चरकावर धरून बुडाला एकात एक वर्तुळं कोरत. आणि तिन्ही वेळा गणपतराव म्हणाले होते, बुड नंतर. तिच्या नोंदीत आजही तेच लिहिलं होतं: बुडावर मातीचा थर, न तपासलेले. गुरूचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तिनं अकरा वर्षं ते चालवून घेतलं होतं.

५

बुधवारी सकाळी मंडळ उघडल्या उघडल्या तिनं खोलीला आतून कडी घातली, झारी मऊ कापडावर पालथी ठेवली आणि ओल्या कुंचल्यानं माती सोडवायला घेतली.

पहिली रेघ दिसली. मग दुसरी. एकात एक, नेमकी, चरकावर कोरलेली पाच वर्तुळं. मुबशिराच्या तोंडून आनंदानं हुंकार बाहेर पडला. झारी खरी होती. इथल्या कुठल्याही नकलेला अशी वर्तुळं नसतात. एवढा एक पुरावा समितीला पुरला असता, काळा थर गेला तरी.

तिनं उरलेली माती काढली, आणि तिचा हात जागीच थांबला.

वर्तुळं कापत एक तांब्याची चकती बसवलेली होती. बुडाला कधीतरी भोक पडलं होतं, त्यावर मारलेलं ठिगळ. कडेनं डाक, म्हणजे कथलाचा सांधा, ओतून नीट घोटून घेतलेली. आणि चकतीच्या काठावर टोच्यानं मारलेली तीन टिंबं, एका ओळीत.

ती टिंबं मुबशिरा अक्षरं शिकायच्या आधी शिकली होती. पेठ वडगावात असं घर नसेल जिथल्या एखाद्या पातेल्यावर ती नाहीत. भांडं पुन्हा गळलं तर घेऊन या, पैसे घेणार नाही, अशी ती ग्वाही होती. आजोबांच्या वेळी टिंबं दोन होती. आजोबा त्र्याऐंशी साली गेले, आणि अब्बांनी तिसरं वाढवलं.

६

क्षणभर तिला वाटलं, अब्बांनीच केलं सगळं. मग डोकं ताळ्यावर आलं. वीस मिनिटांत, भट्टीशिवाय, डाक लावता येत नाही. तिनं सुईचं टोक टिंबांत घातलं. तळाशी हिरवं किटण होतं, घट्ट धरलेलं. म्हणजे ठिगळ आधी, आणि जमिनीतला मुक्काम नंतर. त्र्याऐंशीनंतर कधीतरी झारीला ठिगळ लागलं, त्यानंतर ती मातीत गेली, आणि एक्क्याण्णव साली मातीतून वर आली. तिला मातीत घालणारा आणि वर काढणारा माणूस एकच असणार.

ती झारी घेऊन मागच्या खोलीत गेली आणि गणपतरावांसमोर पालथी ठेवली.

गणपतरावांनी टिंबांकडं बघितलं. "ठिगळ आहे हे माहीत होतं," ते म्हणाले. "ही खूण असते हे माहीत नव्हतं. कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

गणपतराव खाटेवर बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"भांडं खरं आहे, मुबशिरा. जागा तेवढी मी दिली. पाच वर्षं खणत होतो. दांडे, मुठी, गाळणीचे तुकडे. ते सगळं तिथलंच आहे, आईशप्पथ. पण तुकड्यांना कोण विचारतं? काम बंद करा म्हणून पत्र आलं होतं. त्यात वडगावच्या बाजारात एका भंगारवाल्याकडं ही दिसली. त्यानं पाण्याला वापरायची म्हणून ठिगळ मारून घेतलं होतं, आतून डांबर फासलं होतं. मी ती दोन पावसाळे चौथ्या खड्ड्यात पुरली."

"आणि समितीनं नमुना नेला असता तर डांबर निघालं असतं."

"म्हणून थर काढला. तपासायला काही नसलं की त्यांना तुझ्या वर्गीकरणावरच जावं लागेल, आणि ते चोख आहे. दाणे टाकले ते संशय आक्कावर जावा म्हणून; अडाणी समजून तिला कुणी शिक्षा करणार नाही. तुझे वडील यात येतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं."

मुबशिराला संताप यायला हवा होता. आला तो नुसता थकवा. "खरं सांगा समितीला, सर."

"सांगतो. मग पंचेचाळीस तुकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. टेकडी जाईल. तुझी अकरा वर्षं जातील." त्यांनी हात जोडले. तिच्यासमोर, त्या माणसानं. "तुझ्या वडिलांनी एवढंच म्हणायचं, घाण दिसली, घासून टाकली, म्हातारपणी कळलं नाही. मी पोलिसांपर्यंत जाऊ देणार नाही. बुड मी मातीनं पुन्हा झाकतो."

ती नाही म्हणाली असती, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. तिनं झारी त्यांच्याकडं सरकवली.

७

अब्बांना सांगताना तिनं ठिगळाचं नाव काढलं नाही. सगळं सांगायची हिंमत नव्हती. टेकडी वाचेल, माझं काम वाचेल, तुम्ही फक्त एवढं म्हणा, असं सांगितलं. सांगताना ती जमिनीकडं बघत होती.

"मी घासलं म्हणायचं?"

"हो."

"आन् घासलं कुणी, ते तुला ठावं हाय?"

"हो."

अब्बांनी दाढीवरून हात फिरवला. "लोक म्हणतील, ख्वाजाला भांड्यातलं कळत न्हाय. बुड सोडून घासतोय." ते स्वतःशीच हसले. "म्हणू देत. तुझी अकरा वर्सं हैत त्यात. म्हाताऱ्याचं काय ऱ्हायलंय आता?"

मुबशिरा उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं तिनं ओढणी तोंडात कोंबली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

८

गुरुवारी वाचनालयात टेबलाभोवती सगळे बसले. समितीच्या तिघांमध्ये अध्यक्ष म्हणून आलेल्या बाई नागपूरच्या होत्या, मोजकं आणि मराठीत बोलणाऱ्या. उदयसिंह समोरच्या खुर्चीत. अब्बा धुवट सदरा घालून दाराजवळच्या बाकड्यावर.

"मीच घासलं, बाईसाहेब," अब्बा उभे राहून म्हणाले. "भांडं काळं दिसलं. चुकी झाली."

बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी हातमोजे घातले, झारी उचलली, आणि कामात मुरलेलं माणूस जे पहिलं करतं तेच केलं. झारी पालथी घातली. बुडावरची माती त्यांनी अंगठ्यानं चाचपली. ती अजून ओलसर होती. अंगठ्याबरोबर ढेपच निघून आली.

बाईंनी झारी उजेडाला धरली. "हे ठिगळ अलीकडचं आहे. ही तीन टिंबं कसली?"

गणपतरावांनी मान खाली घातली. माहीत नाही म्हणा, अब्बा, मुबशिरा मनात म्हणत होती. एवढं एक म्हणा.

अब्बा दोन पावलं पुढं आले. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मुबशिराकडं बघितलं. तिनं अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही एवढी मान हलवली: नाही म्हणा.

"हे माझं काम हाय," अब्बा म्हणाले. "माझी खूण हाय. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असंल. एक भंगारवाला घिऊन आलता."

"म्हणजे तुम्हीच ठिगळ मारलं, आणि तुम्हीच परवा घासलं? पुरावा जावा म्हणून?"

अब्बांनी एकदा झारीकडं, एकदा मुबशिराकडं बघितलं. घासल्याचं खोटं होतं, ठिगळाचं खरं होतं, आणि दोन्ही त्यांच्याच तोंडून निघालं होतं.

तेव्हा मुबशिरा उठली. आता उठायला फार उशीर झाला होता, तरी उठली. तिनं सगळं ओळीनं मांडलं. वीस मिनिटांत आतून असं घासून होत नाही. आतल्या थराचं महत्त्व दोघांनाच ठाऊक होतं. दाणे टाकणाऱ्याला आक्काचं सुतक ठाऊक नव्हतं. घासून पोट भरणारा माणूस बुड सोडत नाही, बुड सोडतो तो लपवणारा. टिंबांतलं किटण सांगतं की ठिगळ मातीत जाण्याआधीचं आहे, आणि चौथा खड्डा कुणी खणला ते मंडळाच्या अहवालात छापलंय. रविवारी खडे कुणाच्या न्हाणीत वाजले ते आक्काला विचारा. एकही कडी सुटली नव्हती. अकरा वर्षांत तिनं इतकं नेटकं काही मांडलं नव्हतं.

आक्काला बोलावलं. ती दारात उभी राहिली, गणपतरावांकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "खडं वाजलं हुतं. मोरी तुंबली असंल, बाई. मला काय कळतंय?"

बाईंनी शांतपणे विचारलं, "वडील खोटं कबूल करतायत, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"हो. मीच सांगितलं होतं तसं म्हणायला."

"मग आज तुमचं कुठलं खरं मानू?"

सगळ्यांनी गणपतरावांकडं बघितलं. ते बोलले असते तर एका वाक्यात सगळं उलटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, रुमाल शोधला, तो सापडला नाही. "मला काही सांगायचं नाही," ते म्हणाले.

समितीनं लिहिलं ते असं: झारी सापडल्याची जागा संशयास्पद, सोबतचे पंचेचाळीस नगही पुराव्यात धरता येत नाहीत, वर्गीकरण बाद, कल्हई कारागीर ख्वाजा यांनी वस्तूत फेरफार केल्याची व नंतर ती घासल्याची कबुली दिली. उदयसिंहांनी त्या कागदाची एक प्रत तिथंच मागून घेतली.

९

पुढच्या आठवड्यात गोठणटेकेवर चुन्याच्या रेघा पडल्या. गणपतराव राजीनामा देऊन मिरजेला बहिणीकडं गेले. पेपरात अब्बांचं नाव आलं, फोटोही आला, त्याच धुवट सदऱ्यातला. पोलीस आले नाहीत. त्यांची गरजच उरली नव्हती.

बाजाराच्या दिवशी अब्बांनी नेहमीसारखी भट्टी पेटवली. मुबशिरा शेजारी बसली, कारण जायला दुसरी जागा नव्हती. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग नेहमीची गिऱ्हाईक शालूबाई आली. तिच्या घरातलं गेल्या लग्नातलं सगळं तांबं-पितळ महिनाभर अब्बांकडं कल्हईला पडून होतं.

"झाली असतील तर न्हेते, ख्वाजाभाई," ती म्हणाली. पुढं काय बोलावं तिला सुचेना. मग तिनं भांडी पोत्यावर ओळीनं मांडली, आणि बोट लावून एकेक मोजायला लागली. चाळीस वर्षांत तिनं, किंवा तिच्या सासूनं, इथलं भांडं कधी मोजून नेलं नव्हतं.

मुबशिराला उठून जावंसं वाटलं, पण उठता आलं नाही.

मध्येच शालूबाई चुकली. नऊ की दहा, तिला कळेना. ती वरमली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लागली.

"थांब, बाई," अब्बा म्हणाले. ते गुडघ्यावर हात टेकत उठले, तिच्याशेजारी पोत्यावर बसले, आणि एकेक भांडं उचलून तिच्या हातात देत मोठ्यानं मोजू लागले.